गॅलरीची ‘आगामी’ यादी: जाहीर झालेलं आणि झालेलं

मुंबईतल्या एखाद्या गॅलरीचं निमंत्रण व्हॉट्सअॅपवर येतं. वर चित्राचा तुकडा, खाली कलाकाराचं नाव, उद्घाटन सायंकाळी सहा वाजता, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, सोमवारी बंद. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही: क्युरेटरसोबत फेरी, कलाकाराशी गप्पा, मुलांसाठी कार्यशाळा. आपण अंगठा दाखवतो, ‘जायला हवं’ म्हणतो आणि विसरतो. महिन्याभरानं फोनची मेमरी भरली की ते डिलीट.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही कलेतिहास, संग्रहालयशास्त्र, शहर-अभ्यास किंवा अगदी समाजशास्त्रात पीएचडी करायच्या विचारात असाल, पेटची तयारी चालू असेल, सिनॉप्सिसला विषय मिळत नसेल, तर ते निमंत्रण डिलीट करू नका. ते प्राथमिक साधन आहे. पण कशाचं साधन, हे नीट कळलं नाही तर तेच तुम्हाला तोंडघशी पाडतं. मला पाडलं होतं. म्हणून आधी माझी फजिती सांगते.

कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी शहरातल्या एका गॅलरीच्या सार्वजनिक कार्यक्रमांवर पेपर वाचला. एका निवृत्त चित्रकारांनी त्यांच्याकडची जुनी निमंत्रणं दोन पिशव्या भरून दिली होती. मी सगळ्यांचा तक्ता केला: तारीख, वक्ता, विषय, भाषा. त्यातून एक छान निष्कर्ष निघाला. या गॅलरीनं अमुक साली मराठीतून चार व्याख्यानांची माला घेतली, त्यामुळे तिचा प्रेक्षक बदलला, वगैरे. पेपर संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. म्हणाले, “बाई, त्या पहिल्या व्याख्यानाला मी पावसात छत्री घेऊन गेलो होतो. दारावर चिठ्ठी लावलेली होती. व्याख्यान झालं नाही.” मग उरलेली तीन? त्यांना आठवत नव्हतं, आणि मला तर माहीतच नव्हतं. माझे गाईड शांतपणे एवढंच म्हणाले, “तुमच्या वाक्यातलं ‘झालं’ हे क्रियापद कुठून आलं?”

निमंत्रणातून ते आलं नव्हतं, कारण निमंत्रणात ‘होईल’ असं लिहिलेलं होतं. ‘होईल’चं ‘झालं’ मी केलं होतं, तक्ता करताना, नकळत.

ही चूक फक्त नवख्यांकडून होते असं समजू नका. कोची-मुझिरिस बिएनालेचं उदाहरण घ्या. कोविडमुळे दोनदा पुढे गेलेली तिची पाचवी आवृत्ती अखेर १२ डिसेंबर २०२२ ला उघडणार होती. देशपरदेशातून लोक पोचले, पण मुख्य प्रदर्शनाचं उद्घाटन अगदी आयत्या वेळी पुढे ढकललं गेलं आणि ते २३ डिसेंबरला सुरू झालं. सहभागी कलाकारांनी त्यानंतर आयोजनातल्या अडचणींबद्दल जाहीर पत्र लिहिलं. आता इंटरनेटवर शोधा: काही ठिकाणी सुरुवात १२ डिसेंबर दिसेल, काही ठिकाणी २३. घाईत असलेला अभ्यासक म्हणेल, अकरा दिवसांनी काय बिघडतं? खरं तर संशोधनाचा विषयच त्या अकरा दिवसांत आहे. मोठं प्रदर्शन उभं राहतं कसं, पैसा कधी येतो, कलाकृती कुठे अडकतात, पावसात गळणाऱ्या जुन्या वास्तूत कोण काम करतं, हे एरवी पडद्यामागे असतं. उद्घाटन हुकलं की ते बाहेर येतं. सगळं वेळेवर झालेल्या प्रदर्शनापेक्षा न झालेलं प्रदर्शन संशोधकाला जास्त सांगतं, असं माझं मत बनत चाललंय.

आता यादीकडे येऊ. ‘आगामी प्रदर्शने’ हे शब्द सगळीकडे सारखेच छापलेले असतात, पण त्यांचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. म्हणून पहिला प्रश्न ‘काय दाखवणार?’ हा नसतो. ‘हे ठरवलं कोणी?’ हा असतो.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावानं. तिथली दालनं कलाकाराला साधारण आठवड्याच्या हिशेबानं भाड्यानं मिळतात. अर्ज करायचा, निवड व्हायची, मग नंबर लागायची वाट पाहायची, आणि ही वाट वर्षांची असते. म्हणजे जहांगीरच्या या आठवड्याच्या यादीत जे नाव दिसतं, त्यामागचा निर्णय काही वर्षांपूर्वीचा आहे. आज त्या भिंतीवर अमूर्त चित्रं जास्त दिसली म्हणून ‘सध्या मुंबईत अमूर्ताकडे कल आहे’ असं कोणी लिहिलं, तर त्याला विचारा, कल आजचा की अर्जाच्या वर्षाचा? शिवाय इथे भाडं, फ्रेमिंग, वाहतूक, पत्रिका हा खर्च बहुतेक वेळा कलाकाराच्या अंगावर असतो. त्यामुळे ही यादी कोणाला परवडलं याचीही नोंद आहे.

गंमत म्हणजे याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. पत्ता एक, जिना एक, पण वरची यादी वेगळ्या तर्कानं बनायची. तिथे गॅलरीवाला कलाकार निवडतो, त्याच्याशी वर्षानुवर्षं नातं ठेवतो, विक्रीतून गॅलरी चालवतो. २००७ मध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोडला गेली. जुन्या कात्रणांत ‘जहांगीर येथे प्रदर्शन’ एवढंच लिहिलेलं सापडलं तर थांबा: खालचं दालन की वरचं? कात्रणातल्या एका ओळीत न लिहिलेली गोष्ट तुमच्या प्रकरणाचा पाया हलवू शकते.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा प्रकार आणखी निराळा. १८७२ सालचं हे संग्रहालय. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या करारातून त्याचं नूतनीकरण झालं आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे समकालीन कलाकारांना जुन्या संग्रहाला प्रतिसाद द्यायला बोलावलं गेलं. २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं भलं मोठं कोळ्याचं जाळं लावलं होतं. शिक्क्यांवर शहरातल्या रस्त्यांची बदललेली, जुनी वसाहतकालीन नावं होती. या कामाबद्दल यादीत एक ओळच होती, पण प्रश्न कितीतरी सुटतात: ऐतिहासिक इमारतीच्या तोंडावर काही लावायला परवानगी कोण देतं? पैसे कोणाचे? आणि तिकीट न काढता बसमधून ते पाहिलेला माणूस ‘प्रेक्षक’ म्हणून कोणाच्या आकड्यात धरायचा?

आणि मग सरकारी संस्था. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एनजीएमए. मुंबईचं केंद्र १९९६ मध्ये जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झालं. आत गेलात तर अर्धवर्तुळाकार मजले चढत चढत शेवटी घुमटाखाली पोचता. ही रचना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं, ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. बरवे म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे, १९९५ साली गेलेले आपले महत्त्वाचे चित्रकार. ८ फेब्रुवारीच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. ते स्वतः जे. जे.त शिकलेले चित्रकार आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बोलता बोलता ते पुढच्या प्रदर्शनांच्या विषयाकडे वळले. मुंबई आणि बंगळुरू केंद्रांतल्या स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या आता राहिलेल्या नाहीत, काय दाखवायचं हे दिल्लीतून ठरणार, बाहेरच्या प्रदर्शनांना फक्त घुमट मिळणार आणि बाकीचे मजले संस्थेच्या स्वतःच्या संग्रहाला, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना मध्येच थांबवून विषय बरवेंपुरता ठेवायला सांगितलं गेलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. समितीची मुदतच संपलेली होती, अशी संस्थेची बाजूही मांडली गेली.

त्या वेळी सगळीकडे चर्चा झाली ती अभिव्यक्तीच्या गळचेपीची. तो मुद्दा मोठाच आहे. पण संशोधक म्हणून आणखी एक गोष्ट पाहा. भांडण भिंतीवर टांगलेल्या चित्रांवरून नव्हतं. ते ‘आगामी’च्या यादीवरून होतं. पुढचं कोण ठरवणार आणि त्याला किती मजले मिळणार? आता ती इमारत आठवा. सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे कलाकाराची पन्नास वर्षं. ती मजल्यामजल्यांनी उलगडतात. फक्त घुमट दिला तर पन्नास वर्षांतली कुठली दहा गाळायची? जागेचा निर्णय हा शेवटी इतिहास कसा सांगायचा याचा निर्णय असतो.

पुढे काय झालं, इथे मात्र घाई करू नका. त्या वादात सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभाई यांच्या नियोजित प्रदर्शनांचं काय होणार, असा प्रश्न विचारला जात होता. केवळ फेब्रुवारी २०१९ ची कात्रणं वाचून थांबलात तर ‘ती प्रदर्शनं झाली नाहीत’ असं लिहून बसाल. पण पटवर्धनांचं ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ नॅन्सी अदाजानिया यांच्या क्युरेशनखाली २०१९ च्या अखेरीस त्याच इमारतीत झालं. गोभाईंचं ‘डोन्ट आस्क मी अबाउट कलर’ मार्च २०२० मध्ये तिथेच उघडलं, आणि काही दिवसांतच कोविडनं सगळ्या संग्रहालयांची दारं बंद केली. म्हणजे एक प्रदर्शन धोक्यात असल्याची बातमी आली आणि ते पार पडलं. दुसरं धोक्यात होतं, उघडलं, पण पाहणार कोण? त्याची पत्रिका हातात घेऊन तुम्ही ‘झालं’ लिहाल की ‘नाही झालं’? मला अजून या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता आलेलं नाही. माझ्या तक्त्यात आता ‘झालं’ या रकान्याच्या जागी तीन रकाने आहेत: जाहीर झालं, उघडलं, लोकांनी पाहिलं.

सार्वजनिक कार्यक्रमांची गोष्ट तर आणखी निसटती. प्रदर्शनाचा निदान कॅटलॉग राहतो. क्युरेटरसोबतची फेरी, शनिवारची कार्यशाळा, कलाकाराशी गप्पा यांचं बहुतेक वेळा काहीच उरत नाही. आणि गॅलरी ‘लोक’ म्हणजे कोण समजते हे कळतं ते इथेच. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी सहाला ठेवलाय का? मग फोर्टात नोकरी करणारा माणूस येईल, डोंबिवलीहून मुलाला घेऊन येणारी आई येणार नाही. नाव नोंदवायचं तर इंग्रजी फॉर्म भरायचा का? फेरी मराठीतून आहे का, असली तर आठवड्याच्या कुठल्या दिवशी? बरवेंसारख्या मराठीत लिहिणाऱ्या चित्रकाराच्या प्रदर्शनाच्या भिंतीवर मराठी मजकूर किती, हे मोजणं काही क्षुल्लक काम नाही. सिनॉप्सिससाठी विषय शोधताय ना? एका गॅलरीचे पाच वर्षांचे सार्वजनिक कार्यक्रम, भाषा आणि वेळ एवढंच धरून बघितले तरी प्रबंधाचा एक प्रश्न उभा राहतो. ‘मुंबईतील समकालीन कला: एक अभ्यास’ असलं शीर्षक आरआरसीसमोर नेऊ नका. पहिल्याच प्रश्नाला गारद व्हाल.

मग नोंद कशी ठेवायची? मी जे करते ते सांगते, तुम्ही तुमच्या सोयीनं बदला.

जाहीर झालेली गोष्ट त्याच दिवशी पकडायची. गॅलरीच्या संकेतस्थळावरचं पान ‘आगामी’मधून ‘सध्या’मध्ये आणि मग ‘मागील’मध्ये सरकतं, आणि सरकताना त्यातला मजकूर गुपचूप बदलतो. ‘होईल’चं ‘झाला’ होतं, रद्द झालेला कार्यक्रम ओळीसकट नाहीसा होतो, तारीख दुरुस्त होते आणि दुरुस्तीची खूण राहत नाही. म्हणून पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून ते जतन करा. दोन मिनिटांचं काम आहे. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत जाते, तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि फाइलच्या नावातच तारीख लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पत्रिकेचं मूळ कोणाकडून आलं तेही लिहून ठेवा, कारण फॉरवर्डला आईबाप नसतात. कागदी पत्रिका मिळाली तर मागची बाजूही स्कॅन करा. प्रायोजकांची बोधचिन्हं, मुद्रकाचं नाव, कधी कधी कोणीतरी पेनानं केलेली वेळेची दुरुस्ती, हे सगळं तिथेच असतं.

मग प्रत्यक्ष जा. उद्घाटनाच्या गर्दीत चित्रं दिसत नाहीत, पण कोण कोणाशी बोलतं ते दिसतं. पुन्हा एका आडवारी दुपारी जा, तेव्हा चित्रं दिसतात. दारावरची चिठ्ठी, ‘आजचा कार्यक्रम रद्द’, फोटोत घ्या. मला त्या एका चिठ्ठीच्या फोटोसाठी आज काय वाट्टेल ते देता येईल. आणि वॉचमनकाकांशी बोला. कुठलं चित्र दोनदा हलवलं, कार्यक्रमाला खरोखर किती खुर्च्या मांडल्या आणि किती भरल्या, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. फक्त त्यांचं नाव प्रबंधात घालू नका. त्यांची नोकरी तिथे आहे, तुमची नाही.

जुन्या काळासाठी वर्तमानपत्रांतली ‘आजचे कार्यक्रम’ची सदरं पाहा, पण तीही जाहिरातच असतात, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशीचं वृत्त किंवा पुढच्या आठवड्यातलं परीक्षण सापडलं तर कार्यक्रम झाल्याला आधार मिळतो. ज्ञानेश्वर नाडकर्णींसारखे समीक्षक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत, तेव्हा दोन्ही भाषांतली कात्रणं काढा. इंग्रजी वृत्तपत्र चाळून ‘परीक्षण आलं नाही’ असं ठरवणारे प्रबंध मी पाहिलेत. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं गीता कपूर आणि विवान सुंदरम यांच्याकडची, तसंच ज्योती भट्ट यांची कागदपत्रं आणि छायाचित्रं डिजिटल करून ठेवली आहेत. ती घरबसल्या पाहता येतात. तिथे नुसतं चाळत बसा, निमंत्रणपत्रिकेसारखा कागद जपला तर त्यातून काय काय निघू शकतं याचा अंदाज येईल.

मुलाखती घेणार असाल तर प्रश्न तारखेपासून सुरू करू नका. लोकांना तारखा आठवत नाहीत, पाऊस आठवतो, चहा आठवतो, कोण चिडलं होतं ते आठवतं. जहांगीरमधलं ‘समोवार’ २०१५ मध्ये बंद झालं. ‘तेव्हा समोवार होतं का?’ असा साधा प्रश्न विचारला की आधीचं-नंतरचं पटकन लागतं. ज्येष्ठ कलाकार तर तिथूनच गोष्ट सुरू करतात.

राहिला प्रश्न निर्णयाच्या कागदांचा. खासगी गॅलरीनं फाइल दाखवली नाही तर फारसं काही करता येत नाही. विनंतीचं पत्र, गाईडची सही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच पत्र. एनजीएमए मात्र केंद्र सरकारची संस्था आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. अर्जात ‘अमुक प्रदर्शन का रद्द केलं?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, फक्त त्यांच्याकडे असलेली कागदपत्रं देतात. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंतच्या सल्लागार समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, मंजूर प्रदर्शनांचं वेळापत्रक आणि त्यात नंतर केलेल्या बदलांचे आदेश. आणि अर्ज सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न पाहता आत्ताच टाका. अपिलात गेलं तर वर्ष जातं, आणि फेलोशिपचं वर्ष त्यासाठी थांबत नाही.